खरूज कुणाच्या घरची

माझी माय लेकरं न्हाऊ घालते. आमचं गाव मानवतपासून एसटीनं अर्ध्या तासावर, आणि गेल्या तीसेक वर्षांत तिथं जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक लेकरू तिच्या पायांवर लोळलेलं आहे. सकाळी ती बाहेर पडते, ज्या घरी तान्हं बाळ असेल तिथं जाते, साडी गुडघ्यापर्यंत घेते, पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घालते आणि कोमट तेलानं रगडते. मग डाळीचं पीठ, मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी. त्यानंतर बाळ जे झोपतं ते दोन-तीन तास हूं की चूं करत नाही. लेकरू बसायला लागेपर्यंत हे रोज चालतं. एका वेळी गावात अशी सहा-सात घरं असतात. तिला कुणी शिकवलं नाही, तिच्या मायचे हात बघत बघत आलं.

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात मायला खाज सुटली. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला जिथं साडीची गाठ बसते तिथं. दिवसा जरा बरी, अंथरुणात पडलं की जीव नको करायची. मी मानवतला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते. डी.फार्म. केलंय, रीतसर नोंदणी आहे माझी. तर एवढ्या शिकलेल्या बाईनं काय करावं? दुकानातून खाजेची ट्यूब आणली आणि म्हणाले, “माय, दोन टाइम चोळ.”

ही ट्यूब म्हणजे आमच्या भागातलं अमृत आहे. नायटा असो, घामोळं असो, काही चावलेलं असो, माणूस येतो, “खाजेची टूब द्या,” म्हणतो आणि घेऊन जातो. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि भरीला चांगलं जोरकस स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं वेष्टनावर छापलेलं असतं. कोण वाचतंय! आठ दिवस मायची खाज पळाली. नवव्या दिवशी दुपटीनं परत आली, पोटावर आणि मांड्यांवर पसरली. वर वडीलही खाजवायला लागले.

मग मात्र मी रजा टाकली आणि दोघांना परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चामडीच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी मायचे हात उजेडात धरले, बोटांमधल्या बारीक वाकड्यातिकड्या रेघा बघितल्या आणि म्हणाल्या, “खरूज आहे. काय लावलं होतं?” मी ट्यूबचं नाव सांगितलं. “कुणी दिली?” म्हणाल्या. “मीच. मी फार्मसिस्ट आहे.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी कधीकाळी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. खरजेचा किडा डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. मादी चामडीच्या वरच्या थरात बीळ पोखरत पुढं जाते आणि मागं अंडी टाकत जाते. तो किडा, त्याची अंडी, त्याची घाण आपल्या अंगाला सोसत नाही, अंग चवताळतं, आणि ते चवताळणं म्हणजे खाज. स्टेरॉइड फक्त ते चवताळणं गप्प करतं. किड्याच्या केसालाही धक्का लागत नाही, उलट त्याला रान मोकळं मिळतं. खाज थांबली म्हणून माणूस निर्धास्त होतो, लेकराला छातीशी धरतो, सगळ्यांबरोबर एका वाकळीवर झोपतो, आणि किडा घरभर हिंडत राहतो.

किड्याला मारणारं औषध वेगळं. बाईंनी परमेथ्रिनचं मलम लिहून दिलं. ते किड्याच्या नसांवर घाव घालतं, तो लुळा पडतो आणि मरतो. पण अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून आठवड्यानं पुन्हा लावायचं. आमच्या वडिलांना हे लगेच पटलं. एक खुरपणी झाली तरी जमिनीतलं बी उगवतंच, ते पुन्हा बी धरायच्या आत दुसरी खुरपणी करावी लागते. मलम गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं, नुसतं जिथं खाजतं तिथं नाही. नखांच्या खाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यात. तान्ह्या बाळाला डोक्यालासुद्धा, फक्त डोळे आणि तोंड सोडून. रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं. कपडे, पांघरुणं कढत पाण्यात काढून कडक उन्हात टाकायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा. एक जण राहिला की सगळं मुसळ केरात. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, कारण मेलेले किडे चामडीतच असतात, म्हणून घाबरून रोज मलम फासत बसायचं नाही.

वडिलांना त्यांनी गोळीही दिली, आयव्हरमेक्टिनची. वजन करून, जेवढी बसते तेवढीच, आणि पुन्हा एकदा आठ-पंधरा दिवसांनी. गरोदर बाईला, अंगावर पाजणारीला, लहान लेकरांना ही देत नाहीत. नाव ऐकून वडील खुलले. “आपल्या शेळीला गोचिडासाठी टोचतेत तेच न्हवं का हे? बाटली हाय की घरी!” डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “काका, जनावराचं औषध जनावराच्या मापाचं असतं. हात लावायचा नाही त्या बाटलीला.” हसू नका. माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी खाजेवर जंताची गोळी मागतं, पोटातल्या जंतामुळं खाज सुटते म्हणून. ती गोळी आतड्यातल्या जंताची साखर तोडून त्याला उपाशी मारते. चामडीतल्या खरजेच्या किड्यावर तिचा भरवसा कसला! हिवतापाला तिसरंच काही लागतं. ज्याचं मर्म जिथं, तिथंच घाव बसावा लागतो.

निघताना बाईंनी मायला अजून एक गोष्ट विचारली. पहिल्यांदाच खरूज झाली तर खाज लगेच सुटत नाही, महिना-दीड महिना जातो. “तुम्हाला संक्रांतीला खाज सुटली. म्हणजे दिवाळीनंतर कधीतरी लागण झाली. तेव्हा कुठल्या नव्या घरी जायला लागलात का?”

मायनं जरा आठवलं. “दिवाळी झाल्यावर एकच नवं घर धरलं, काकूचं. त्यायचा ल्योकच खाजवायलाय की दसऱ्यापसून. बाळाला घेऊन बसतो आन् खाजवतो. पर तो टूब लावतो.”

काकू म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली सासू, चौदा माणसांचं खटलं. आणि तिचा मुलगा ती ट्यूब माझ्याकडून न्यायचा. दसऱ्यापासून, दर दहा-पंधरा दिवसांनी. “ताई, खाजेची टूब,” म्हणायचा, आणि मी गावचा माणूस म्हणून हसून काढून द्यायचे. कुणाला लावता, किती दिवस झाले, घरात अजून कुणाला आहे का, एक शब्द विचारला नाही. त्याचं बाळ दिवाळीनंतर जन्मलं आणि त्याच हातांनी त्यानं ते कुशीत घेतलं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मी तोंड मिटून बसले. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, मायलाही नाही.

मायनं त्याच दिवशी काम बंद केलं. मी म्हटलं, “ताप आलाय म्हणून सांग, गुपचूप औषध लाव, पंधरा दिवसांनी जा परत.” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “लेकरायचा प्रश्न हाय. सांगावंच लागंल.” आणि सातही घरी स्वतः चालत गेली, ओट्याखाली उभी राहून सांगून आली की मला खरूज निघालीय, तुमच्या लेकराला बघून घ्या, घरात सगळ्यांनी एकदमच औषध लावा. दोन घरी बाळांना पुरळ होतं, त्यांनी परभणी गाठली. चार घरी काही नव्हतं. सातवं घर काकूंचं. तिथं काकू म्हणाल्या, “आमच्या घरात खरूज? शुद्धीवर हायस का?”

आठ दिवसांनी अंगणवाडीत लेकरांची वजनं होती. गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या तिथं जमतात. काकूंचा नातू तेव्हा तीन महिन्यांचा, तळव्यांना आणि तळपायांना फोड आलेले. ते उघडून दाखवत काकू पंधरा-वीस बायांसमोर म्हणाल्या, “बघा, बघा काय केलं त्या बाईनं! सोताच सांगत आली मला खरूज हाय म्हणून. त्यायच्या वस्तीत सगळ्यायलाच खाज हाय, सोच्छता म्हणून न्हाईच. हिच्या हातात लेकरं देऊ नका बायानो.”

बघा म्हणजे! जिनं खरं सांगितलं तिचं सांगणंच पुरावा झालं. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तीस वर्षं यांची लेकरं मायच्या मांडीवर चालली, तिचे हात चालले, फक्त सैपाकघराच्या उंबऱ्याशी ती थांबायची आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. आणि खरूज म्हटल्याबरोबर सगळ्यांना आमची वस्ती आठवली. माझी माय दोन वेळा अंघोळ करते, तान्ह्या बाळाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावते. खरजेचा किडा साबण बघत नाही, जात बघत नाही, वाडा बघत नाही. त्याला फक्त चामडीला चामडी लागायला पाहिजे. पण हे कुणाला सांगणार? आठवड्याभरात बाकीच्या सहा घरांपैकी चार घरांनी निरोप धाडला की आता येऊ नका, आमची आम्ही बघू. माय दाराशी बसून रिकाम्या हातांकडं बघायची. भाकरी खाताना मधेच थांबायची. तीस वर्षांत तिचं नाव एका लेकराच्या दुखण्याशी कधी जोडलं गेलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक काकूंच्या घरी गेले. ओसरीत उभं राहून सगळं सांगितलं, किड्याचं, अंड्यांचं, सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं. म्हणाले, “तुमच्या मुलाला आधीपासून खाज आहे. त्याच्यापासून बाळाला झालं, बाळापासून माझ्या मायला.”

“त्याला उष्णता हाय,” काकू म्हणाल्या. “घामोळं हाय त्याला.”

“पौष-माघात घामोळं?”

“तू दुकानात बसतीस म्हणून डाक्टर झालीस का गं? कशावरून त्याला आधीपसून हाय? कोन बघितलं?”

मीच बघितलं होतं! दसरा, मग दिवाळीच्या आधी, मग दिवाळीनंतर, प्रत्येक वेळ माझ्या जिभेवर होती. काकूंची सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडं टक लावून बघत होती, जणू काही मी पुढं अजून काहीतरी म्हणणार आहे. मी म्हणाले, “तुमच्याशी डोकं फोडण्यात अर्थ नाही,” आणि चप्पल घालून निघून आले. रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या.

पुढं बाळाच्या फोडांत पू झाला, ताप भरला. मग कुठली उष्णता आणि कुठलं काय! मुलानं गाडी काढली आणि परभणी गाठली. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी पुवाचं औषध दिलं, मग बाळासकट चौदाच्या चौदा माणसांना मलम लिहून दिलं. मलम माझ्या दुकानातून न नेता सेलूहून आणलं, म्हणजे इकडं कुणाला कळायला नको. दारं लावून सगळ्यांनी फासलं. आठवड्यानं पुन्हा फासलं. गच्चीवर एकाच दिवशी चौदा माणसांच्या वाकळी वाळत पडल्या आणि गावाला सांगितलं की लग्नाचे पाहुणे यायचेत. महिन्याभरात बाळ गुळगुळीत झालं. अंगणवाडीत बोललेलं मात्र तसंच राहिलं, ते कुणी धुवायला काढलं नाही.

आणि मग काकूंचा निरोप आला. बाळ झोपत नाही, तुझ्या हाताची सवय हाय त्याला. ये, पर मागल्या दारानं ये. आन् झालेलं कुठं बोलू नको.

मी निरोप आणणाऱ्या बाईच्या अंगावर धावूनच गेले असते, पण मायनं मला हातानं थांबवलं. तिचे हात तोवर पुरते बरे झाले होते. ती शांतपणे म्हणाली, “काकूला सांग, मागल्या दारानं मी येत न्हाई. पुढल्या दारानं पन येत न्हाई. लेकराला न्हाऊ घालायचं असंल तर माझ्या दारात घेऊन या. दिवसाढवळ्या.”

तीन दिवस कुणी आलं नाही. मायनं रोज सकाळी पाणी तापवलं आणि रोज ते आम्ही कपड्यांना वापरलं. मी म्हटलं, कशाला आस धरतेस. तिनं चुलीत अजून एक लाकूड सारलं.

चौथ्या दिवशी रविवार होता, मी घरीच होते. सकाळी नऊ-साडेनऊला काकूंची सून आली. एकटी. कडेवर बाळ, हातात तेलाची वाटी. वरच्या आळीतून मारुतीच्या पारावरून, किराणा दुकानासमोरून, अख्खं गाव ओलांडून आली होती. आमच्या नळावरच्या बायांनी हंडे तसेच धरून ठेवले. एकीनं विचारलंच, “कुठं गं इकडं?”

“मावशीकडं,” ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. “आमच्या घरात खरूज होती. आमच्यापसून मावशीला झाली, मावशीपसून आमाला न्हाई. सासूबाई खोटं बोलल्या. मी तवाच बोलायला पायजे होतं.”

नळ तसाच वाहत राहिला. मायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, कोपरापर्यंत हात धुतले, पाय लांब केले आणि बाळाला घेतलं. बाळानं तिला ओळखलं की काय कोण जाणे, पालथं पडल्या पडल्या गप्प झालं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी सुनेला बसायला पाट दिला, चहा टाकला, म्हणाले, “शाबास गं बाई. चूक कबूल करायला छाती लागते. तुझ्या सासूला कधी जमायचं नाही.” अजून बरंच बोलत होते.

माय बाळाच्या पाठीवर तेल जिरवत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला जमंल का?”

“मला काय?”

“दसऱ्यापसून त्यायच्या घरात टूब यायली. कुठल्या दुकानातून यायली ती?”

चहा उतू गेला. मला वाटलं होतं तिला माहीत नाही. मी सुनेकडं बघितलं आणि सांगितलं. “माझ्याच. मीच देत होते. एकदाही विचारलं नाही.”

“म्हाईत हाय मला, ताई,” सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यानं मला जास्तच लागलं. “मालक तर सांगायचे, गावातल्या ताईच्या दुकानातून आणली म्हणून. तुमी भांडायला आलाव तवा मी दारात उभी होते. वाटलं, आता सांगताल दसऱ्याचं. सासूबाई कोन बघितलं म्हणल्या, तवा तुमी मी बघितलं म्हणला असता, तर तिथंच मिटलं असतं. घरात माजं कोन ऐकतंय? तुमचं ऐकलं असतं.”

मायनं बाळाला उताणं केलं, छातीवर हात फिरवला आणि पाणी मागितलं. मी बादली उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली.

त्या दिवशी दुपारी मी, ज्यांनी मायला येऊ नका म्हणून निरोप धाडला होता, त्या चार घरी गेले, एकेका ओट्याखाली उभी राहिले आणि दसऱ्यापासूनचं सगळं सांगितलं. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी मायला बोलावलं. उरलेल्या दोन घरांतली बाळं तोवर बसायला लागली होती, त्यांना आता मायची गरज उरली नव्हती.